ताडोबावाले

मराठी ग्रुप टूर केनियाला निघाली की तिच्यात एक डॉक्टर जोडपं, दोन निवृत्त बँकवाले, झेब्र्याच्या पट्ट्यांचा कुर्ता खास शिवून घेतलेल्या एक हौशी वहिनी आणि एक ताडोबावाले असतात. बाकीच्यांत अदलाबदल होऊ शकते, ताडोबावाले मात्र ठरलेले. त्यांना शोधावं लागत नाही. शेवाळी शर्ट, जागा मिळेल तिथे खिसे असलेली पँट, वाघाचं तोंड छापलेली टोपी आणि गळ्यात दुर्बीण, हे सगळं मुंबईच्या विमानतळावर, मध्यरात्री, बोर्डिंग पासच्या रांगेत. नैरोबीला उतरेपर्यंत अख्ख्या ग्रुपला मोहर्ली गेट आणि कोलारा गेट यांतला फरक पाठ झालेला असतो. माया, मटकासूर, छोटी तारा या वाघांची सोयरीक ते अशी उलगडून सांगतात की स्वतःच्या चुलत भावंडांची नावं त्यांना बायकोला, म्हणजे काकूंना, विचारावी लागतात, हे ऐकून कुणाला खरं वाटू नये.

आमच्या गाडीतल्या ताडोबावाल्यांनी सेकेनानी गेटवरच पहिला हिशेब मांडला. "मसाई मारा १,५१० चौरस किलोमीटर. ताडोबा १,७२७!"

"कोअर आणि बफर मिळून," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. संसारात तेवढं कानावर पडलेलंच असतं.

मारा कुठल्याही कुंपणाशिवाय थेट टांझानियातल्या सेरेंगेटीला जाऊन मिळतं आणि ते सेरेंगेटी एकटंच १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, ही माहिती डॉक्टरांनी पुरवली. ताडोबावाल्यांनी ती ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते गेटच्या आत पंधरा मिनिटांत उघड झालं. ताडोबात वाघ नुसता दिसत नाही, तो पावतो. आधी कुठूनतरी चितळाचा कॉल, मग झाडावर वानराचं खाकरणं, मग जिप्सीचं इंजिन बंद, गाईडचं ओठांवर बोट, पाठीवरून घामाची धार. अर्ध्या तासाने बांबूत काहीतरी हलतं, किंवा हललं असं सगळे एकमेकांना सांगतात. मग गेट बंद व्हायच्या धास्तीने गाडी पिटाळायची. या सगळ्या विधींत ताडोबावाल्यांचा हात धरणारं कुणी नाही. ओल्या मातीतल्या पंजावरून नर की मादी, पंजा सकाळचा की रात्रीचा, हे ते सांगू शकतात.

आणि इथे सिंह रस्त्याच्या कडेलाच पसरला होता. गाडीपासून हातभर अंतरावर. टम्म पोट, एक पंजा आभाळाकडे, हनुवटीवर माशा, डाव्या कानाला जुनी चीर. सवयीने ताडोबावाल्यांचा हात वर गेला. "शूऽऽ!" नेमकं तेव्हाच वहिनींनी भाकरवडीचा डबा काढला. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी, त्यामुळे टूर मॅनेजरने सगळ्यांचा खाऊ स्टीलच्या डब्यांत भरायला लावला होता. घट्ट बसलेलं झाकण खण्णकन उघडलं. ताडोबावाल्यांनी डोळे मिटून घेतले. सिंहाने एक डोळा किलकिला केला, वर काढलेल्या छपरातून डोकावणारी आमची सहा डोकी पाहिली आणि तो पुन्हा मिटला. सिंह दिवसातले वीस-वीस तास लोळण्यात घालवतो, आणि आमच्यासाठी त्यात खंड पाडावा असं त्याला काही वाटलं नाही.

"पण कॉल कुठे झाला?" ताडोबावाल्यांनी ड्रायव्हरला इंग्रजीत विचारलं.

ड्रायव्हरने खिशातून मोबाइल काढून पाहिला. "नो कॉल, सर."

त्याचं सगळं रेडिओवर चालतं. पलीकडचा कुणी स्वाहिलीत दोन वाक्यं बोलतो, हा स्टिअरिंग फिरवतो, आणि पाच मिनिटांत समोर चित्ता हजर. ना माग, ना चाहूल. त्यात सगळीकडे गवत, गुडघ्याएवढं. लपायचं म्हटलं तरी जनावराने जावं कुठे? ताडोबावाल्यांची सगळी विद्या अशी बसल्या जागी निकामी झाली. उस्ताद मैफलीला यावेत आणि यजमानाने रेकॉर्ड लावून ठेवलेली असावी, तशी त्यांची गत.

मग माणूस खोड्या काढू लागतो. बँकवाल्यांना ‘बिग फाइव्ह’चा ध्यास होता, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा. पायी शिकार करायला सगळ्यांत धोक्याची म्हणून शिकाऱ्यांनी निवडलेली ही पाच जनावरं. केनियाने १९७७ मध्ये शिकारच बंद केली, तरी यादी पर्यटकांना वारशाने मिळाली. बाभळीच्या फांदीवर बिबट्या दिसला तेव्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ताडोबावाले म्हणाले, "बिबट्या काय, जुन्नरला उसात निघतो." हत्तींचा कळप पाहून म्हणाले, "इथे माद्यांनाही सुळे असतात, शोभत नाहीत." काकू म्हणाल्या, "असायलाच हवेत." एका चित्त्याभोवती तीसेक गाड्यांनी गराडा घातला, ड्रायव्हर एकमेकांवर खेकसू लागले, धुळीत चित्ता दिसेना, तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्या बाबतीत ताडोबाला नावं ठेवण्याजोगं पुष्कळ आहे, हे प्रामाणिक माणसाला ठाऊक असतं.

सकाळचे दहा वाजले की ते घड्याळाकडे बघून अस्वस्थ होत. "निघायला हवं. गेट." इथे संध्याकाळपर्यंत हिंडता येतं, हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागे, आणि रोज त्यांना ते थोडंसं बेकायदा वाटे.

त्यांची गाडी रुळावर आणली ती ड्रायव्हरनेच. सिंहिणींचा एक कळप पाहताना तो सहज म्हणाला, की इथे एक नामी सिंह होता, स्कारफेस. उजव्या डोळ्यावर जखमेचा व्रण. २०२१ मध्ये म्हातारा होऊन गेला. ताडोबावाले ताठ बसले. "आमचाही स्कारफेस होता! वाघडोह. केवढं धूड! २०२२ मध्ये गेला." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. त्याने आयुष्यात वाघ पाहिला नव्हता. आफ्रिकेत तो नाहीच. त्याने मान वळवली आणि विचारायला सुरुवात केली. केवढा असतो? कळपात किती? "कळप नाही, एकटा," ताडोबावाले म्हणाले. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "मग त्याला शिकार करून कोण देतं?"

"स्वतः करतो."

ड्रायव्हर अवाक झाला. इथले आयाळवाले पुष्कळदा सिंहिणींनी मारलेल्यावर आयते येऊन बसतात, हे तो रोज पाहत होता. काकूंनी ताडोबावाल्यांकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग पुन्हा सिंहिणींकडे. एव्हाना त्यांतल्या दोघी उठून एका रानडुकरामागे धावल्याही होत्या. आम्ही "चला, चला" म्हणून ओरडत होतो आणि पुढच्या सीटवर मोहर्लीचा नकाशा धुळकट डॅशबोर्डवर बोटाने काढला जात होता.

मग मारा नदी. ऑगस्ट असल्याने नूंचं, म्हणजे विल्डबीस्टचं, स्थलांतर ऐन भरात होतं. सेरेंगेटीकडून हिरव्या चाऱ्यामागे निघणारे हे नू मोजायला गेलं तर दहा लाखांच्या वर भरतात. शिवाय बरोबर झेब्रे. नदी ओलांडायच्या आधी सगळे काठावर जमतात. खाली मगरी. एक नू पुढे येतो, पाणी हुंगतो, बिचकतो, मागे फिरतो, आणि त्याच्यामागे हजारो फिरतात. पुन्हा जमतात. पुन्हा एक पुढे. ऊन चढलं. वहिनींची भाकरवडी संपली, डॉक्टरांना डुलकी लागली, बँकवाले म्हणाले की पाणी ओलांडणं बिग फाइव्हमध्ये येत नाही.

ताडोबावाल्यांचा चेहरा मात्र उजळला होता. "आता कुठे जंगलात आल्यासारखं वाटतंय," ते कुजबुजले. हात वर केला, "शूऽऽ." यावेळी सगळे गप्प बसले, थकून का होईना. "तो झेब्रा बघा, कान बघा त्याचे. पाच मिनिटं." पाच मिनिटांची पंचवीस झाली. पाणघोडा डुरकला, धूळ उठली, आघाडीचे नू वळले आणि शांतपणे चरत माघारी गेले. लॉजचा बुफे बंद व्हायची वेळ झाली होती. आम्हीही वळलो.

त्या रात्री जेवताना ताडोबावाल्यांनी जे घडलं नाही ते असं रंगवून सांगितलं, की शेजारच्या टेबलावरची नागपूरची मंडळी खुर्च्या ओढून आली. ती आमच्यानंतर तासभर थांबली होती. त्यांच्या मोबाइलमध्ये नू धडाधड पाण्यात उड्या मारत होते, मगर, गोंधळ, पलीकडचा काठ, सगळं. ताडोबावाल्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले, "पण फार लवकर संपतं."

काकूंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि आपल्या नंबरवर पाठवून घेतला. सोसायटीत दाखवायला काहीतरी हवं होतं.