शिडीवरचा सैबेरियन

डिसेंबर लागला की कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात शहरी गाड्या येतात आणि त्यांतून माणसांआधी हस्की उतरतात. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारी ही जात. तिला सह्याद्रीचा गारठा बाधू नये म्हणून स्वेटर! १६४६ मीटरच्या शिखराकडे चढताना लोखंडी शिड्या लागतात. तिथे व्यायामासाठी आणलेला कुत्रा मालकाच्या खांद्यावर चढतो आणि व्यायाम गरजूलाच घडतो. गावातली कुत्री मात्र बिनस्वेटर, बिनपट्ट्याची पुढे चालतात, चार बिस्किटांच्या मोबदल्यात वाट दाखवतात. संध्याकाळी ‘शिखर सर’ असा फोटो झळकतो. त्यात हस्की असतो. वाटाड्याला कापून टाकलेलं असतं. म्हणे, त्याच्यामुळे फोटो गावठी दिसत होता.