मारेगावात महिन्याचं बजेट कसं बसवावं

पैशाचं नियोजन शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकाची सुरुवात ठरलेली असते: वहीच्या पहिल्या ओळीवर आपलं मासिक उत्पन्न लिहा. मारेगावच्या तरुणाचं पेन तिथंच अडतं. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. एका अंगाला वणी, दुसऱ्या अंगाला पांढरकवडा आणि मधल्या वावरांत कापूस, तूर, सोयाबीन. शिक्षक, तलाठी, बँकेतला बाबू सोडले तर पगार हा शब्द इथं बहुधा दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलताना वापरतात. बाकीच्यांकडे येतो तो विकलेल्या मालाचा चुकारा. आणि तो कधी येणार, हे पऱ्हाटी, पाऊस आणि खरेदी केंद्रावरचा ग्रेडर मिळून ठरवतात.

तरीही बजेट बसवायचंच असा हट्ट असेल, तर आधी ५०-३०-२० हा जगप्रसिद्ध नियम समजून घ्यावा. एलिझाबेथ वॉरन या तेव्हा हार्वर्डमध्ये कायदा शिकवत. पुढे अमेरिकेच्या सिनेटर झाल्या. त्यांनी आपल्या मुलीसोबत २००५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे हा नियम घरोघरी गेला. हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौशीला, २० टक्के बचतीला आणि कर्जफेडीला. नियमात खोट नाही. मारेगावात फक्त क्रम उलटा लागतो. आधी कर्जफेड, मग गरजा. हौस बड्डेच्या दिवशी मित्रांच्या खर्चानं.

म्हणून पहिली पायरी: महिना म्हणजे काय, ते ठरवून घ्यावं. या तालुक्यात एकाच वेळी निदान पाच पंचांगं चालतात. सालगड्याचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. बँकेचं पीककर्ज मार्चअखेर फेडावं लागतं. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. कृषी केंद्राची उधारी जूनमध्ये उघडते आणि कापूस विकला की मिटते. मिटली नाही तर पुढच्या जूनमध्ये दुकानदार नमस्काराला उत्तर देताना जरा वेळ लावतो. बचत गटाची बैठक आठवड्याला. आणि मोबाइलचा महिना २८ दिवसांचा.

हे शेवटचं पंचांग सर्वांत धूर्त. २८ दिवसांचे १३ महिने झाले की ३६४ दिवस भरतात, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. ही तक्रार इतकी वाढली, की जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवावा असा आदेश काढावा लागला. प्लॅन आले. दुकानदाराला विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही. तरुणानं विचारावं.

दुसरी पायरी उत्पन्नाची. समजा, घरचा कापूस २० क्विंटल झाला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. गुणाकार केला की १,६२,२०० रुपये येतात, आणि हा आकडा वहीत लिहून पाच मिनिटं त्याच्याकडे पाहत बसायला हरकत नाही. त्यानंतर वजाबाकी. वेचणीला किलोमागे १० रुपये धरले तर २० हजार गेले. बियाणं, खत, फवारणी, निंदण, गाडीभाडं यांचे आकडे वडिलांच्या डोक्यात असतात, ते विचारू नयेत. विचारल्यास जेवण होईपर्यंत घरात कोणी बोलत नाही. शिवाय हमीभाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. त्याच्या वर, १२ टक्क्यांपर्यंत, ओलाव्याच्या प्रमाणात पैसे कापतात, आणि त्याच्याही वर गेला तर कापूस महामंडळ गाडी परत पाठवतं. खुल्या बाजाराचा भरवसा तर दिल्लीवर. १९ ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेरपर्यंत केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. नवे बूट घ्यावेत की नाही हे मारेगावच्या पोरानं ठरवायच्या आत ते तिकडं ठरून गेलं होतं.

हमीभावानं विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी, आणि इथं घरातल्या तरुणाचा खरा हुद्दा उघड होतो. तो बेरोजगार नसतो. तो घरचा ऑनलाइन विभाग असतो. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहून फोटो काढणं, वडिलांचा फार्मर आयडी, आईच्या लाडक्या बहिणीची ई-केवायसी, आजीचा हयातीचा दाखला, शेजारच्या काकांचा पीकविमा, ही सगळी खाती त्याच्याकडे. ओटीपी नेमका आईच्या फोनवर येतो, आई वावरात असते आणि वावरात रेंज नसते. “बाबू, येवढा फारम भरून दे ना” या वाक्यावर तालुक्याचा अर्धा डिजिटल कारभार चालतो. हेच काम सेतू केंद्रात पैसे देऊन करावं लागतं. तेव्हा बजेट बसवणाऱ्यानं या सेवेची घरापुरती दरपत्रिका करावी आणि ती कोणाला दाखवू नये. मोबदला मोटरसायकलच्या पेट्रोलच्या रूपानं वसूल होतो, हे सर्व पक्षांना ठाऊक असतंच.

मधल्या काळात एक चमत्कार झाला होता. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि लोकांनी तिला लगेच ‘लाडका भाऊ’ म्हटलं. बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. कित्येक पोरांच्या आयुष्यात महिना पहिल्यांदा आला. सहा महिन्यांनी मुदत संपली, मग पाच महिने वाढवून मिळाली, मग तीही संपली, आणि कार्यालयात फायली हाताळायला शिकलेली पोरं कायम करा म्हणत मोर्चात उतरली. त्या काळात ज्यानं हप्त्यावर फोन घेतला, त्याचे हप्ते प्रशिक्षणापेक्षा जास्त दिवस चालले.

आता खर्च. इथं मार्गदर्शिकेनं थोडं थांबायला हवं, कारण ‘किरकोळ’ या सदरात जे लपलेलं असतं त्याला पूर्व विदर्भात खर्रा म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना. पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घासघास घासायचा आणि पुडी खिशात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पाठोपाठ सुगंधित तंबाखू आणि सुपारीही बंदीत आली. ठेल्यावरच्या घासण्याच्या आवाजाला अजून त्याची कुणकुण लागलेली नाही. एक खर्रा २० रुपये धरू. दिवसाला दोन, म्हणजे ४० रुपये. वर्षाला १४,६००.

हा आकडा कशाशी ताडून पाहावा? पंतप्रधान किसान सन्मानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार. दोन्ही सरकारं मिळून बापाचा वर्षभर जो सन्मान करतात, त्यापेक्षा पोराचा खर्रा २,६०० रुपयांनी अधिक भरतो. रोजगार हमीच्या भाषेत सांगायचं, तर २०२५-२६ मध्ये मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. १४,६०० म्हणजे सत्तेचाळीस दिवसांचं खोदकाम, आणि तेही नुसतं थुंकण्यासाठी. यात दवाखाना धरलेला नाही. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडत जाते, तोंड उघडेनासं होतं, पुढं कर्करोगाची भीती. तिखट सोसेनासं झालं, दोन बोटंही तोंडात मावेनाशी झाली की पोरगं दंतवैद्याकडे जातं, आणि “कधीपासून?” या प्रश्नाला “असाच, कधीमधी” असं सांगतं. खर्रा सोडण्याची सोपी युक्ती इथं देता आली असती तर ही मार्गदर्शिका त्याच ठेल्यावर विकायला ठेवली असती. हिशेब मात्र ठेवता येतो. ‘किरकोळ’ खोडून ‘खर्रा’ असं स्वच्छ लिहावं, आणि वही आईच्या हाती लागेल अशी ठेवावी.

स्पर्धा परीक्षा हे दुसरं मोठं सदर. पुस्तकी भाषेत ही गुंतवणूक. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ आणि अर्ज १० लाखांहून अधिक. शुल्क खुल्या गटाला १,०००, राखीव गटाला ९०० रुपये. गुणाकार वाचकानं सवडीनं करावा. पोलीस भरती त्या मानानं स्वस्त, ४५० आणि ३५०. पण तिथं १,६०० मीटर धावावं लागतं आणि २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज होते. अभ्यासिकेचं भाडं, चालू घडामोडींची पुस्तकं, परीक्षा केंद्र दूरच्या शहरात लागलं तर एसटी, रात्रीचा मुक्काम, हे सगळं याच सदरात. तरी एक जमा बाजू मान्य करायला हवी. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेनं धावणाऱ्या पोरांना जिमचा खर्च शून्य येतो. भरती होवो न होवो, छाती पाच सेंटिमीटर फुगते.

मुलींसाठी वेगळी मार्गदर्शिका लिहावी लागली असती, पण त्यांचं बजेट मुळातच चोख असतं. गावाकडच्या मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट, पुढं वणीला कॉलेजात गेलं तर विद्यार्थी सवलतीचा, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीटही अर्धं. एकविसावं सरलं की लाडक्या बहिणीचे १,५०० सुरू होऊ शकतात. ते तिच्या खात्यावर येतात, आणि ज्या दिवशी येतात त्याच दिवशी घरात कोणाला तरी चप्पल लागते. सोबत येतो तो गटकर्जाचा साहेब, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, मोटरसायकलवर. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम सांगतो, की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण ऑगस्टमध्ये, जेव्हा पऱ्हाटी गुडघ्याएवढी असते आणि घरात येणारा पैसा शून्य, तेव्हा शून्याचे निम्मे किती हे त्या साहेबाला विचारून पाहावं. तो हसतो आणि पावती फाडतो.

शरीर आणि मन या सदराला पुस्तकं आठ तास झोप सुचवतात. चण्याला पाणी द्यायचं आणि शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची, तर झोप पाळीनंच घ्यावी लागते. सकस आहाराबद्दल मात्र मारेगावला कोणाचं ऐकायची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वावरातली भाजी यांना शहरातले लोक आता डाएट म्हणतात. ताप-खोकला झालाच तर लक्षात ठेवावं, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत.

दोन गोष्टी गमतीच्या नाहीत. फवारणीचा रोज चांगला मिळतो म्हणून पोरं पंप पाठीवर घेतात. २०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा तोंडाला फडकं, हातमोजे, अंगभर कपडे आणि वाऱ्याकडे पाठ या खर्चात काटकसर नको. दुसरी गोष्ट रात्री डोक्यात फिरणाऱ्या हिशेबाची. यवतमाळचं नाव वर्षानुवर्षं कशासाठी वर्तमानपत्रात येत राहिलं, हे घराघरात माहीत आहे; २०१५ मध्ये सरकारला इथं बळीराजा चेतना अभियान काढावं लागलं. कर्जाची फाईल कपाटात असते, पण तिचा भार विशीतल्या पोरावरही असतो, आणि तो पारावर कोणी बोलून दाखवत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतो आणि पैसे घेत नाही. घरचे सगळे फॉर्म ज्यानं भरले, त्यानं हा एक नंबर स्वतःसाठी फोनमध्ये ठेवावा.

राहिली बचत. चुकारा आला की तो एका दिवसासाठी श्रीमंत करतो, आणि त्याच दिवशी भिशीवाला, पतसंस्थेचा पिग्मी एजंट आणि दुप्पट करून देणारा दूरचा भाऊजी हे तिघंही हजर होतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. भाऊजीचं काय ते आत्याला विचारावं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप फोनबुक वाचायची परवानगी मागतं, ती देऊ नये. फसगत झालीच तर लाजत बसण्याऐवजी १९३० वर फोन लावावा, जितका लवकर तितका बरा.

शेवटची पायरी मे महिन्याची. पंतप्रधान सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता २० रुपये, जीवनज्योतीचा ४३६. पहिला दोन लाखांचा अपघात विमा, दुसरा दोन लाखांचा जीवन विमा. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे त्याच सुमारास खात्यातून आपोआप वळते होतात. योजना आखणाऱ्यानं ही तारीख निवडली तेव्हा त्याच्या घरी कापूस पेरत नसावेत. मेअखेरीस इथलं खातं कोरडं ठाक असतं, कारण नगदी होतं तेवढं बियाण्याला गेलेलं असतं. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये होती. विम्याचे ४५६ म्हणजे अर्ध्या पाकिटाहून जरा जास्त, आणि पेरणीच्या तोंडावर अर्धं पाकीट कमी पडलेलं घर विमा वगैरे ऐकत नाही. म्हणून हे ४५६ रुपये फेब्रुवारीतच, कापसाचे पैसे हातात असताना, वेगळ्या खात्यात टाकून ठेवावेत आणि त्याबद्दल कोणाशी बोलू नये. त्या खात्याचं पासबुक भरून आणायला वडिलांना पाठवू नये, एवढी मात्र काळजी घ्यावी.