कुंपणापलीकडचं जपान

"अवं बाई, आयकलं काय? पुण्याच्या पोरीनं नोकरी सोडली."

काकू कधी रिकाम्या हातानं बातमी सांगायला येत नाहीत. आज शेवग्याच्या शेंगा होत्या. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये पऱ्हाटीच्या काड्यांचं कुंपण आहे. कापूस निघाला की काका दरवर्षी नव्या पऱ्हाट्या लावून ते नीट करतात, आणि चार दिवसांत काकू त्यातल्या मधल्या काड्या उपटून ताक, शेंगा आणि बातम्या जातील एवढी वाट मोकळी करतात.

"कोणती पोरगी? तुमची नात?"

"हाव ना. ते कम्प्युटरवाली. पगार असा, की इथल्या तीन मास्तरायचा मिळून होत नाही. सोडला! अन् आता काय करून राहिली असन, सांग बरं?"

लग्न ठरलं, परदेशी निघाली, स्पर्धा परीक्षेला बसली, असे तीन अंदाज मी केले. काकूंनी तिन्हींवर मान हलवली.

"मडके घडवून राहिली!"

एवढं बोलून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं पुरेसा धक्का न दिसल्यानं त्या पुढं झाल्या. "आपला कुंभार आपल्या पोराले म्हणते, शिक बाप्पा, या चिखलातून निघ. अन् आमची शिकून-सवरून चिखलात गेली. आठशे रुपयाचा एक कप विकते. आठशे! त्याले कानही नाही."

"काकू, त्याला स्टुडिओ पॉटरी म्हणतात. पुण्या-मुंबईत पुष्कळ जण करतात. निर्मला पटवर्धन म्हणून एक बाई होत्या, जर्मनीत आणि इंग्लंडात जाऊन शिकल्या. मातीच्या भांड्यांवर झिलई कशी चढवायची याचं त्यांनी पुस्तकच लिहिलं. आणि २०१८ मध्ये जयपूरला जवाहर कला केंद्रात या मातीकामाचं देशभराचं मोठं प्रदर्शन भरलं होतं."

"प्रदर्शनाचं नावच नको काढू," काकू एकदम आवाज उतरवून म्हणाल्या. म्हणजे आता खरी गोष्ट येणार होती.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात काकू पुण्याला गेल्या, तेव्हा नातीनं त्यांना अशाच एका प्रदर्शनाला नेलं. पांढऱ्या भिंती, पिवळे दिवे, चौरंगावर एकेक भांडं, आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही. काकूंना एक उंच बरणी आवडली. माठ घेताना जे त्या पन्नास वर्षं करत आल्या, तेच त्यांनी केलं: बरणी एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर वाकवून टकटक वाजवली.

"तो वाचमन असा धावत आला, जसं मी दागिना उचलला! म्हणे, आजी, हात लावायचा नाही. म्हणलं, वाजवल्याबिगर मडकं घेते काय कोणी? बद्द वाजलं तं चिरलेलं, टण्ण वाजलं तं पक्कं. अन् बाई, खोटं नाही सांगत, ते मडकं असं वाजलं, असं वाजलं, जसं पितळीचं भांडं."

"मग तर तुम्ही तिथल्या गोरोबाकाकाच झाल्या. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली, तुम्ही प्रदर्शन तपासलं."

"हाव, पण गोरोबाकाकाले कोणी बाहेर नाही काढलं."

ते भांडं पितळेसारखं का वाजलं, हे मी सांगितलं. आपल्याकडचा आवा सात-आठशे अंशांवर भाजतो. त्या आचेत माती पक्की होते, पण तिच्यातली बारीक भोकं बुजत नाहीत. म्हणून माठाला बाहेरून घाम येतो, तो वाळतो आणि आतलं पाणी गार पडतं. या स्टुडिओवाल्यांच्या भट्ट्या बाराशेच्या पुढं जातात. तिथं मातीच अर्धीमुर्धी वितळून काचेसारखी घट्ट होते. पाणी झिरपत नाही.

"झिरपत नाही?" काकूंनी शेंग मोडता मोडता हात थांबवला. "मंग पाणी गार कसं होते?"

"होत नाही."

"मंग आठशे कायचे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतून काका ओरडले, "अवं, चहा!" काकूंनी ते ऐकलं नाही.

"अन् दुसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या, "पोरगी मले एका बगीच्यात घेऊन गेली. सिंहगड रोडवर. पु. ल. देशपांड्यायच्या नावाचा. त्याच्यात पाटाचं पाणी खेळवलं आहे, लहान लहान पूल, लाल-पांढरे मासे. अन् गवत असं हिरवंगार, की आपली शेळी पाहिली तं रडन. पण बसू देत नाहीत. शिटी वाजवतात. म्हणे हा जपानचा बगीचा आहे. जपानवाल्यायनं पुण्यात काहून बगीचा केला?"

"केला पुणे महापालिकेनंच. जपानात ओकायामा म्हणून शहर आहे. त्याच्याशी पुण्याची २००६ पासून मैत्री आहे. तिथं कोराकुएन नावाची बाग आहे, तिथल्या सरदारानं १६८७ ला करायला घेतली ती १७०० साली पुरी झाली. तिच्यावरून पुण्याची ही बाग बेतली. दहा एकरांत. आणि पुलं जपानला जाऊन आले होतेच. 'पूर्वरंग'मध्ये लिहिलंय त्यांनी."

"थांब, थांब. शहराची शहराशी मैत्री? माणसाची असते. गावाची कशी करतात?"

मी म्हटलं, "करार करतात. इकडचा महापौर तिकडं जातो, तिकडचा इकडं येतो, फोटो निघतो. मुंबईची जपानच्या योकोहामाशी १९६५ पासून आहे, जर्मनीच्या स्टुटगार्टशी १९६८ पासून. पुण्याचीच अमेरिकेतल्या सॅन होजेशी १९९२ पासून आहे."

"फोटो निघते, अन् मंग?"

"मग... शिष्टमंडळं जातात."

काकू हसल्या. त्यांचं हसणं आमच्या आळीत निकालासारखं धरतात. "म्हणजे साखरपुडा करून ठेवला. सोयरीक अशी होते काय? येणं-जाणं पाहिजे, चोळी-बांगडी पाहिजे, पापड-कुरड्याचा डबा पाहिजे. रिकामा डबा परत नाही द्यायचा, त्याच्यात काही घालून द्यायचं. तवा सोयरीक टिकते. तुया महापौराच्या फोटोनं काय टिकते?"

तेव्हा मला कॉव्हेंट्रीच्या बायका आठवल्या. इंग्लंडातलं हे गाव नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी भाजून निघालं. पुढं रशियातल्या स्टालिनग्राडवर तीच पाळी आली, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या ८३० बायकांनी एका टेबलाच्या चादरीवर सुईदोऱ्यानं आपापली नावं भरली, प्रत्येकीनं थोडे थोडे पैसे घातले, आणि ती चादर स्टालिनग्राडला पाठवून दिली. १९४४ मध्ये ही दोन गावं मैत्रीची म्हणून जाहीर झाली. जगभर गावांच्या जोड्या लागल्या, त्यातली ही फार जुनी.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आठशे तीस नावं! अन् एकाच चादरीवर?"

"एकाच."

"भांडल्या नसतीन काय, माझं नाव मधात पाहिजे म्हणून?"

"भांडल्या असतील."

"पण पाठवली," काकू म्हणाल्या. "हे खरं. पहिले बायकायनं चादर धाडली, मंग माणसायनं सह्या केल्या."

मी मग त्यांना ओकायामाची दुसरी गोष्ट सांगितली, कारण नातीच्या मडक्यांचा धागा तिथंच जातो. ओकायामाच्या मुलखात बिझेन म्हणून गाव आहे. जपानात सहा गावांच्या भट्ट्या फार जुन्या मानतात, त्यातलं हे एक. तिथले कुंभार भाताच्या शेताखालची काळसर, लोखंडाचा अंश असलेली माती खणून काढतात. झिलई बिलकुल लावत नाहीत. पाइनच्या लाकडावर दहा-दहा, चौदा-चौदा दिवस भट्टी चालवतात. लाकडाची राख भांड्यावर उडून बसते आणि वितळून तिचे तिळासारखे ठिपके होतात. काही भांड्यांना भाजायच्या आधी भाताचं तणस गुंडाळतात. तणस जळून जातं, पण त्यातल्या पोटॅशची मातीतल्या लोखंडाशी गाठ पडते आणि भांड्यावर तांबड्यालाल रेघा उमटतात. हातानं काढलेली नक्षी म्हणाल तर एकही नाही.

"चौदा दिवस?" काकू म्हणाल्या. "आपला कुंभार रात्री आवा लावते अन् सकाळी उकलते. तिकडं लाकडं कोण देते एवढे?"

"त्या बिझेनला यामामोतो तोशू नावाचे नावाजलेले कुंभार होते. त्यांच्या हाताखाली डेबोरा स्मिथ म्हणून एक अमेरिकन मुलगी शिकली. पुढं ती भारतात आली, पाँडिचेरीला. १९७१ मध्ये तिनं आणि रे मीकर यांनी तिथं गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथं शिकलेले लोक देशभर पांगले, आपापल्या भट्ट्या लावून बसले. तुमच्या नातीचे गुरुजीसुद्धा तिथलेच ना?"

"हाव, पाँडिचेरीचंच काहीतरी म्हणते."

"मग झालं. पुण्याचा ओकायामाशी करार व्हायच्या पस्तीस वर्षं आधीच तिथला हात इकडं पोचला होता. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर."

काकूंनी हे मनातल्या मनात घोळवलं. नातीच्या चिखलाला असा काही वंश असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "म्हणजे तिच्या गुरूच्या गुरूचा गुरू जपानी," त्या म्हणाल्या. आता उद्यापर्यंत हे अख्ख्या आळीत जाणार, आणि 'नात मडके घडवते' याचं 'नात जपानी विद्या शिकते' होणार, हे मी ओळखलं.

"आपल्या महागावचीही करावं म्हणते कोणाशी तरी सोयरीक," काकू म्हणाल्या. "नगरपंचायतीत ठराव घ्यावा लागन काय?"

आम्ही स्थळं पाहायला घेतली. पुसद मोठं घर, ते आपल्याला विचारणार नाही. उमरखेडचा आणि आपला रस्ता एकच, पण तिकडं काकूंच्या जावेचं माहेर आहे, त्यामुळं ते बाद. आर्णीवर काकांचा जुना राग आहे. कारण काकांनाच माहीत.

"पण मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली," काकू कुंपणाला आणखी जवळ आल्या. "सोयरीक होऊन गेली आपली. पार्सल चुकलं त्या दिवशी."

नातीनं दोन कप पाठवले होते, एक आजीला, एक शेजारच्या बाईंना, म्हणजे मला. पत्त्यावर नाव लिहिलं, महागाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि जिल्हा लिहायचा राहिला. महाराष्ट्रात महागाव काय एकच आहे? कुरिअरवाल्यांनी ते पार्सल कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या महागावला नेऊन टाकलं.

"मले फोन आला. बाईमाणूस होती. म्हणे, 'काकू, तुमचं पार्सल आमच्यात आलंय बघा. काचेचं काय हाय का आत? हलवलं तर वाजाय लागलंय.' मी म्हणलं, माय, बद्द वाजते का टण्ण? तर म्हणे, 'एक टण्ण, एक बद्द.' तवाच समजलं, एक फुटला."

"मग?"

"मंग काय, तासभर बोलत बसलो. तिच्याकडं ऊस, आपल्याकडं ऊस. तिच्याकडं मिरची, आपल्याकडं कापूस. अन् सांगू काय, तिथं गजानन महाराजायच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे! आपल्या शेगावच्या! म्हणलं, मंग परके कुठचे तुम्ही? तिनं सारं नवीन बांधलं, पुरा पत्ता लिहिला, अन् धाडून दिलं. हे पाय."

कुंपणाच्या वाटेतून आधी एक पुडी आली. लालजर्द संकेश्वरी मिरची, देठासकट. मागोमाग कप आला. बिनकानाचा, तळहातात बरोबर बसणारा, विटकरी रंगाचा. काठाखालून दोन तांबड्या रेघा तिरप्या निघाल्या होत्या आणि मागच्या बाजूला एकमेकींना छेदून गेल्या होत्या. जिथं छेदल्या तिथं रंग जरा काळवंडला होता. मी बोटाचं पेर वाकवून वाजवला. टण्ण.

"हा तुया," काकू म्हणाल्या. "फुटका माया. त्याच्यात कोथिंबीर लावली मी."

"आणि त्यांना काय पाठवलं? रिकामा डबा पाठवायचा नाही म्हणालात."

"धाडलं नं. घरच्या कापसाच्या वाती, शंभर जोड. अर्धा किलो हळद. अन् आपल्या कुंभाराच्या पाच पणत्या. त्याले सांगितलं, कोल्हापूरले जाऊन राहिल्या, चांगल्या दे. तं त्यानं पणतीचे पैसे नाही घेतले! म्हणे, आमचं काम कोल्हापूरपर्यंत चाललं, मंग पैसे कायचे? सरकारनं त्याले लाईटीवरचं चाक देतो म्हणलं होतं, ते आलं काय, हे विचारलं तं मात्र गप बसला."

"पणत्या फुटणार नाहीत वाटेत?"

"फुटल्या तं पुन्हा धाडू. फुटते म्हणून तं धाडावं लागते. लोखंडाच्या असत्या तं एकदा देऊन मोकळे झालो असतो."

आतून काकांचा तिसरा आवाज आला. काकूंनी शेंगांचा वाटा कुंपणावरून माझ्याकडे सरकवला आणि पदर खोचला.

"त्या बाईच्या घरी लग्नाचा पोरगा असता, तर नातीचंही जमलं असतं," मी सहज म्हणाले.

"मोठा आहे, त्याले दोन लेकरं आहेत," जाता जाता काकू म्हणाल्या. "धाकटा अजून बारावीत. विचारून झालं माझं."