दुर्बीण कुणाकडे रोखलीय?

"काय हो वहिनी, तुमचा लेक रात्री नळीला डोळा लावून काय बघतो? कोपऱ्यावरच्या काकूंनी तर मागच्या खिडकीला पडदा लावलाय!"

"लावू द्या! शनी बघतो तो. काकूंच्या खिडकीत काय आहे बघण्यासारखं? लोणच्याची बरणी."

"म्हणे पाचशेपट मोठं दिसतं?"

"खोक्यावर लिहायला काय जातं! भिंग ७० मिलिमीटरचं. दीडशेपटीच्या पुढे नेलं की चित्र नुसतं फुगतं नि पुसट होतं. खरी मजा पन्नासपटीत. गुरूशेजारी चार ठिपके ओळीत, ते त्याचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० साली पाहिले तेच. आधी माझी पापणीच आडवी येत होती, मग दिसले."

"गच्चीवरून खाली का आणली?"

"दिवसभर तापलेली गच्ची रात्री धग सोडते, तारा उकळल्यासारखा हलतो. त्यात कुणी चाललं की तिपाई थरथरते. एकदा गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर नेली. आकाश मोकळं, पण शिंका आवरेनात! आता अंगणातच बरी."

"मग कोजागरीला बोलवा. दूधही होईल."

"दुधाला या, चंद्राला नको. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट. शुक्ल अष्टमीला या. उजेड-अंधाराच्या कडेला एकेक खड्डा उठून दिसतो. आता लेकाला तोरणमाळला जायचंय, अमावास्येला."

"अमावास्येला? माय वं!"

"हजार मीटरच्या वर उंची, गावातल्या दिव्यांचा झगमगाट नाही. आकाशगंगा बघायला अमावास्याच लागते. आणि अमावास्येचं काय घेऊन बसलात? २२ जुलै २००९ला खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरतेकडून आपल्या नंदुरबारवरून गेला, सकाळी साडेसहाच्या आत. ऐन आषाढी अमावास्या, ढगांचे दिवस, त्यात सासूबाईंनी कुणाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही."

"मग आता दाखवा की सूर्य त्या नळीतून."

"अजिबात नाही! नुसत्या नळीतून सूर्य बघितला तर क्षणात डोळा जाईल. पुढच्या भिंगावर सूर्याचा खास फिल्टर घट्ट बसवावा लागतो. काजळी धरलेली काच नि एक्स-रेची फिल्म चालत नाही. अष्टमीला या, पण पोरांना आधी एवढं बजावून आणा."