नारायणगुड्याचे हायपोकाका

हायपोकाकांच्या घरात न्हाणीघर आहे, पण तिथे आंघोळ करायची तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. हैदराबादच्या नारायणगुड्यात, विठ्ठलवाडीच्या जुन्या घरात, बंबाच्या जागी फोटो मोठे करायचा एन्लार्जर उभा आहे. खिडकीला काळं कापड खिळ्यांनी ठोकलंय. त्रूप बाजारातून आणलेला लाल झिरोचा बल्ब साबणाच्या कोनाड्यावर लटकतो. पाहुण्याला वाटतं, घरात काही अनुष्ठान चालू आहे. तसं ते चालूच असतं.

नाव पडलं ते वासावरून. हायपो म्हणजे प्रिंट पक्का करणारं सोडियम थायोसल्फेट. त्यात ॲसिड पडलं की नाकाला झोंबतं. काका लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारचा माणूस आधी वरण हुंगून बघतो. डेव्हलपरनं नखं तपकिरी झालेली. डी-७६ डेव्हलपरचं माप रामरक्षेसारखं तोंडपाठ: मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी भरून एक लिटर. स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा मात्र काकूंना विचारतात.

एके काळी आमच्या मराठी घरांतल्या 'दाखवायच्या' फोटोंचा मक्ता काकांकडे होता. कामाची रीत बघण्यासारखी. सायकलच्या तारेला पुठ्ठ्याची चकती बांधलेली. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडला की काका ती चकती मुलीच्या चेहऱ्यावर हलकेच फिरवत राहायचे. तेवढ्या भागाला उजेड कमी मिळतो, म्हणून तेवढा भाग गोरा येतो. याला डॉजिंग म्हणतात आणि नावात काही लपवलेलं नाही. मग कागद ट्रेमध्ये सरकवायचा. आधी केस उमटायचे, मग भुवया, मग साडीचा काठ, आणि शेवटी मुलीच्या वडिलांना हवा असलेला रंग. एकदा परभणीची मंडळी बघायला आली. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं विचारलं, "ही थोरली का? फोटोतली कधी येणार?" ते स्थळ मोडलं. काकांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "गालावरचा ग्रे टोन एकानंही बघितला नाही हो!"

खरा वैरी उन्हाळा. डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि मे महिन्यात हैदराबाद चाळिशीच्या पुढे. बर्फ सरळ टाकला तर पाणी वाढून द्रावण पातळ होतं, म्हणून काका तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ट्रेमध्ये सोडतात. साहजिकच घरात सरबत कोमट मिळतं. दुसरा वैरी करंट. तो गेला की अख्खी गल्ली अंधारात बसते; काकांकडे मात्र तेव्हाच उजेड होतो, कारण काकू टॉर्च घेऊन "अहो, पडलात का?" म्हणत दार उघडतात आणि उघड्या पाकिटातला अख्खा पेपर काळा पडतो. "नक्को म्हटलं होतं ना!" हा आवाज वायएमसीएच्या चौकापर्यंत जात असावा.

काकांचं दैवत म्हणजे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. सहाव्या निजामांनी, म्हणजे महबूब अली पाशांनी, त्यांना 'मुसव्विर जंग' किताब दिला, १८९२ साली शहरात बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ निघाला, हे सगळं काका न विचारता सांगतात. बोलता बोलता एकदा सांगून बसले की दीनदयाळांच्या काळी अल्ब्युमेन कागदावरचे प्रिंट काचेच्या निगेटिव्हखाली ठेवून उन्हात काढायचे. काकू पोळी लाटत होत्या. "मग तुम्हीही गच्चीवर जा की," त्या म्हणाल्या, "ऊन आपल्याकडे भरपूर आहे." त्यानंतर आठवडाभर दीनदयाळांचं नाव निघालं नाही.

ग्लॉसी प्रिंटला चकाकी यावी म्हणून तो ओलाच काचेवर पालथा दाबून बसवतात. वाळला की आपोआप सुटून पडतो. काकांच्या घरातली सर्वांत सपाट काच म्हणजे काकूंच्या टेबलाचा आरसा. त्यामुळे सणावाराला काकू पांढऱ्या चौकोनांच्या फटीत एक डोळा गाठून कुंकू लावतात. कुंकू जरा डावीकडे असतं. विठ्ठलवाडीत त्यावर आता कुणी बोलत नाही.

ॲग्फाफोटोनं २००५ साली दिवाळं काढलं तेव्हा काकांनी एक वेळ जेवण सोडलं होतं. आता मिळेल तिथून इल्फर्डचा पेपर मागवतात आणि किंमत काकूंना निम्मी सांगतात. फोनवरचे फोटो दाखवले तर "अच्छा आहे" म्हणून चष्मा पुसायला लागतात.

तुमचा फोटो झाला का, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "हौ, वाळून राहिलाय." आमच्या शेजाऱ्यांच्या मुंजीचे फोटो बटूच्या लग्नात आहेर म्हणून मिळाले. सुरेख होते, काळं अगदी काळंभोर आणि सोवळ्याची चूण न् चूण दिसत होती. काका एक पैसा घेत नाहीत. घेतला असता तर निदान तगादा लावता आला असता.