एका पायावर तयार

आमच्या शाळेतले पी.टी.चे सर निवृत्त झाले आणि त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. मी मराठी शिकवते. "तुमचा आवाज खणखणीत आहे, बाई," एवढी पात्रता मुख्याध्यापकांना पुरली. पाठोपाठ मुलांची कारक कौशल्यं कशी तपासायची, याच्या प्रशिक्षणाला नाहूरला रवानगी. नाहूरला जलद लोकल थांबत नाही. मी थेट ठाण्यापर्यंत वाहवत गेले, उशिरा उगवले आणि प्रात्यक्षिकासाठी 'मूल' म्हणून माझीच वर्णी लागली.

आधी फ्लेमिंगो. 'खेलो इंडिया'च्या तपासणीत लहान मुलांसाठी ही चाचणी आहे. अरुंद लाकडी पट्टीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरं पाऊल मागे हातात धरायचं आणि मिनिटभरात तोल किती वेळा जातो ते मोजायचं. पहिल्या 30 सेकंदांत 15हून जास्त वेळा गेला, तर चाचणी बंद, गुण शून्य. मी मिनिट काही पाहिलं नाही. हायवेपलीकडे, भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीत खरे फ्लेमिंगो खुशाल तसे उभे असतात. पण त्यांना ओढणी सावरायची नसते.

मग घोडदौड. डेल उलरिच यांची टीजीएमडी ही कारक कौशल्यांची चाचणी पहिला कोण आला हे विचारतच नाही. मागचा पाय पुढच्याच्या शेजारी किंवा मागे टेकला का? दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटले का? चार उड्या लय टिकली का? हो तर एक, नाही तर शून्य. शिट्टी फुंकून फक्त शेवटची रेघ बघणाऱ्या आम्हा मंडळींची पंचाईत झाली. मी ओढणी कमरेला खोचून हॉलभर उधळले आणि गुण देणाऱ्या दोन सरांची जुंपली.

"सुटले की पाय!"

"मॅडम हवेत होत्या, असं लिहून मी सही करणार नाही."

प्रशिक्षक खूश. "हेच शिकायचंय! दोघांचे आकडे जुळेनात, तर त्या मुलाच्या गुणांना काय अर्थ? मॅडम, पुन्हा एकदा."

मुद्दा बिनतोड होता. गुडघे माझे होते.

शेवटी प्लेट टॅपिंग. एक हात मधल्या चौकोनावर स्थिर, दुसऱ्याने दोन चकत्यांवर आळीपाळीने टपटप, 25 फेऱ्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसलेला हात आहे हा! असा सुटला, की भांडणारे दोघंही सर एकदम म्हणाले, "वा!" मी ऐटीत वेळ विचारली.

स्टॉपवॉचवाल्या सरांनी हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "बघतच राहिलो हो मॅडम. चालू करायचं राहिलं."