लिलावातल्या फ्लॅटच्या भावी मालकास

प्रति,
होतकरू गुंतवणूकदार महाशय,
मुक्काम : सध्या आमच्या जिन्यात.

विषय : फ्लॅट क्र. ३०२ आपल्या पदरात पडण्याआधीच आपलं अभिनंदन करण्याबाबत.

स. न. वि. वि.

ई-लिलावाची जाहिरात छापून आल्यापासून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाहुण्यांची रीघ लागली आहे. त्यातले इस्टेट एजंट आम्ही चालीवरून ओळखतो. आपण त्यांतले नव्हेत. पाठीला कोरी सॅक, हातात शनिवार-रविवारच्या वर्कशॉपची फाइल आणि चेहऱ्यावर कुणीतरी कानात गुपित सांगितल्याचा आनंद. आपण वॉचमनला विचारलंत, ‘प्रॉपर्टी डिस्ट्रेस्ड आहे ना?’ तो म्हणाला, ‘नाही साहेब, तिसऱ्या मजल्यावर आहे.’ त्याचं ज्ञान आपल्याइतकं अद्ययावत नाही, राग मानू नये.

सर्वप्रथम मराठी वृत्तपत्रांच्या वतीने आपले आभार. २००२च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला ताबा सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. त्यामुळे आपल्यासारखी तरुण मंडळी आता अग्रलेख सोडून आतली पानं भिंग लावून वाचतात. ‘निम्नस्वाक्षरीकार’, ‘इसारा अनामत रक्कम’, ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीत, मग साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव, मग आपण. कलमांचा क्रम आपण पाढ्यासारखा म्हणता. एका शनिवार-रविवारात एवढं म्हणजे पी हळद अन् हो गोरी, असं कुणी म्हटलं तर तिकडे दुर्लक्ष करावं.

वर्कशॉपमध्ये आपल्याला सांगितलं असेल की बँकेला घर नको असतं, पैसे हवे असतात, म्हणून ती स्वस्तात विकते. अगदी खरं. मात्र बँकेला घराबरोबर आणखीही काही नको असतं, आणि ते सगळं ती त्याच किमतीत आपल्या गळ्यात घालते. त्याची यादी फाइलमध्ये नसल्यास सोसायटीतर्फे सादर करतो.

पहिला, ताबा. जाहिरातीत तो ‘प्रतीकात्मक’ आहे. त्याचं प्रात्यक्षिक आम्ही पाहिलं आहे. अधिकारी आले, दोन पंच उभे केले, दारावर डिंकाने कागद चिकटवला, कागदाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि लिफ्ट बंद म्हणून जिन्याने गेले. कागदोपत्री घर बँकेचं झालं. दाराआड कुकरच्या शिट्ट्या चालूच राहिल्या. पुढे कुणीतरी ओल्या फडक्याने तो कागद खरवडून काढला. त्याचे चार कोपरे अजून दारावर आहेत, आणि वर पाडव्याचं तोरण आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यांना तीस दिवस दिले आहेत, कारण नोंदवून फार तर साठ. प्रत्यक्षात किती लागतात, ते तहसील कचेरीच्या बाकावर बसून आपण स्वतः मोजावेत. आत भाडेकरू निघाला आणि त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलं, तर सरफेसीचा धाक दाखवून त्याला काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्येच सांगून ठेवलं आहे.

दुसरी, थकबाकी. ३०२चं मेंटेनन्स थकलं आहे. उपविधींप्रमाणे त्यावर सरळ व्याज लावता येतं आणि आमची कमिटी उपविधींच्या बाबतीत फार काटेकोर आहे. शिवाय ३०२च्या बाथरूमचं पाणी २०२च्या छतातून झिरपतं. २०२मधल्या काकू तीन पावसाळे नव्या मालकाची वाट पाहत आहेत, आपल्याला भेटून त्यांना आनंद होईल. महापालिकेची घरपट्टी आहे. विजेचं बिल आहे. जुन्या मालकाचं वीजबिल आपण का भरायचं, असं आपण म्हणाल. २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की लिलावात घर घेणाऱ्याकडून जुनी बाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपनी नियमांच्या आधारे घालू शकते. ‘जसे आहे तसे’ मध्ये मीटरही येतो.

तिसरी, घाई. बोली लावण्याआधी अनामत, साधारण राखीव किमतीच्या दहा टक्के. बोली आपली ठरली की ती धरून एकूण पंचवीस टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त, आणि या जप्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. ज्या घराचा प्रत्यक्ष ताबा नाही त्यावर कर्ज द्यायला इतर बँका कां कूं करतात. ‘दुसऱ्याच्या पैशाने श्रीमंत व्हा’ हा आपल्या फाइलमधला धडा तेवढा कर्ज खात्याच्या साहेबांना वाचून दाखवावा.

चौथी, कोर्टकचेरी. २०१६च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बाकी भरून घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आपण टाळी वाजवली असेल. पण कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क त्याला आहेच. तिथे नोटिशीतली एखादी चूक सापडली की लिलाव लटकतो, आणि लिलावाबरोबर आपले पैसेही.

तेव्हा बाजारभाव आणि राखीव किंमत यांच्यातली तफावत ही आपल्या हुशारीची बिदागी समजू नये. बँकेने आपल्याला बेलिफ, वकील, प्लंबर आणि वसुली अधिकारी अशा चार नोकऱ्यांवर एकदम नेमलं आहे, आणि पगार आगाऊ कापून दिला आहे.

आता राहिलं दाराआडचं बिऱ्हाड. आपल्या फाइलमध्ये त्याला ‘मोटिव्हेटेड’ असं काहीसं म्हटलेलं असेल. त्या गृहस्थांचं स्टेशनजवळ छपाईचं छोटं दुकान होतं. मशीनसाठी घर गहाण टाकलं, टाळेबंदीत लग्नपत्रिका छापणारं कुणी राहिलं नाही, दुकान गेलं आणि मशीन भंगारात गेलं. गणपतीच्या वर्गणीत ते कधी मागे राहिले नाहीत, मेंटेनन्स तेवढं राहिलं. हे मी आपल्याला पाझर फुटावा म्हणून सांगत नाही. कर्ज घेतलं तर फेडावं लागतं, आणि सचिव म्हणून मीच त्यांना चार पत्रं पाठवली आहेत. हिशेबाची एक ओळ तेवढी दाखवायची आहे. लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे कायद्याने कर्जदाराला परत मिळतात. कमी आली तर उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्याच मागे लागते. म्हणजे आपण जे लाख-दोन लाख ‘वाचवाल’, ते बँकेच्या तिजोरीतून येणार नाहीत. ते तोरणवाल्यांच्या खिशातून येतील, आणि त्यांच्याकडे आज खिसाच उरलेला नाही.

एवढं वाचूनही आपला उत्साह टिकला असेल, तर आपण या सोसायटीत शोभून दिसाल. गांभीर्याने सांगतो, आम्हाला घेणारा हवाच आहे. बंद फ्लॅटला वाळवी लागते आणि भांडणातल्या फ्लॅटमुळे रंगकाम अडतं. फक्त बोली लावण्याआधी चार कामं करा. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्या. न्यायाधिकरणात या घराबद्दल अर्ज पडून आहे का, ते वकिलाकरवी पाहा. सोसायटीकडून थकबाकीचं पत्र लेखी घ्या, माझ्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबा. ते लोक दार उघडतात, पाणीही विचारतात. कधी सोडणार, कुठे जाणार, हलवायला किती खर्च येणार, हे समोर बसून बोललात तर त्यांना घर लावायला दिलेले चार पैसे कोर्टाच्या चार तारखांपेक्षा स्वस्त पडतील. हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत, कारण याची फी घेता येत नाही.

कळावे, लोभ असावा, व्याज वाढते आहे.

आपला,
मानद सचिव

ता. क. : जाहिरातीत ‘पार्किंगसह’ असं छापलं आहे. जागांचं वाटप सर्वसाधारण सभेच्या नियमांप्रमाणे सोसायटीची कमिटी करते आणि ३०२च्या नावावर एकही जागा नाही. जाहिरातवाल्यांनी जी जागा धरली असेल, तिथे गेली सहा वर्षं अध्यक्षांची गाडी असते. लिलाव जिंकणं त्या मानाने सोपं आहे.